जुनं मराठी पुस्तक शोधता येईल असं डिजिटल करायचंय? मग ओसीआर सगळ्यात आधी करू नका

पीडीएफ मिळाली, ओसीआर (पानाच्या फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचं टेक्स्ट करणारं तंत्र) मारला, आलेलं टेक्स्ट एखाद्या टूलमध्ये ओतलं आणि शब्दांची यादी काढली. यादीत सगळ्यात वर काय, तर नुसता 'क', नुसता 'त', नुसता 'न'. मग लोक म्हणतात की टूलला मराठी येत नाही. ही तुटलेली अक्षरं टूलच्या सेटिंगमुळे येतात (पायरी १० बघा), पण त्याहून मोठा घोळ त्याच्या आधीच झालेला असतो, कारण पायऱ्यांचा क्रम उलटा लागलेला असतो. ओसीआर ही मधली पायरी आहे. तिच्याआधी चार कामं आहेत आणि नंतर त्याहून जास्त.

उदाहरण म्हणून हरिभाऊ आपट्यांची (१८६४–१९१९) 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी डोळ्यासमोर ठेवू. नावातच 'लक्षांत'वर अनुस्वार आहे आणि नवीन आवृत्त्यांत तो बरेचदा गायब असतो, त्यामुळे या लेखातले निम्मे प्रॉब्लेम तुम्हाला कव्हरवरच भेटतात.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

'हरिभाऊंचा डिजिटल अभ्यास' हा प्रश्न नाही. 'बायकांच्या तोंडच्या संवादातली भाषा निवेदनातल्या भाषेपेक्षा कुठे वेगळी पडते' हा प्रश्न आहे, कारण त्यातून लगेच कळतं की संवाद आणि निवेदन वेगळं करायच्या खुणा लागणार, कोण बोलतंय तेही नोंदवावं लागणार, पण चित्रं आणि जाहिरातींची पानं सोडून दिली तरी चालेल. जुन्या शुद्धलेखनाचा अभ्यास असेल तर एकेक अनुस्वार महत्त्वाचा. कथानकातली ठिकाणं नकाशावर टाकायची असतील तर अनुस्वारांवर एवढा जीव टाकायची गरज नाही, फक्त गावांची नावं बिनचूक हवीत.

तपासणी: प्रश्न वाचून समोरच्याला कळलं पाहिजे की तुम्ही काय मोजणार किंवा काय शोधणार. नाही कळलं तर परत लिहा.

पायरी २: आवृत्ती पक्की करा

इथे सगळ्यात जास्त लोक पडतात. नेटवर पहिली दिसलेली पीडीएफ उचलायची आणि त्यावर पहिल्या आवृत्तीच्या वर्षाचा शिक्का मारायचा, असं चालतं. प्रत्यक्षात ती पीडीएफ कुठल्यातरी नंतरच्या आवृत्तीची असते. १९६२ साली नवे शुद्धलेखन नियम आले, त्यानंतरच्या पुनर्मुद्रणांत प्रकाशकाने अनुच्चारित अनुस्वार काढून टाकलेले असू शकतात, मजकूर थोडा संक्षिप्त केलेला असू शकतो, आणि हे आत कुठेही लिहिलेलं नसतं. अशा प्रतीवरून तुम्ही 'एकोणिसाव्या शतकातली भाषा' मोजली तर तुम्ही खरं म्हणजे विसाव्या शतकातल्या प्रूफरीडरची भाषा मोजली.

काय करायचं ते सांगतो:

शीर्षकाचं पान आणि त्याच्या मागचं पान दोन्ही वाचा. आवृत्ती कितवी, छापखाना कुठला, प्रकाशक कोण, किंमत किती, सगळं जसंच्या तसं उतरवा. साल शकात असेल तर साधारण ७८ मिळवा, शकवर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ७९, म्हणजे शके १८१५ हे १८९३-९४ होतं. महिना माहीत नसेल तर दोन्ही सालं लिहा, उगाच एक ठोकून देऊ नका.

मग शंकर गणेश दात्यांची ग्रंथसूची उघडा. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ मधल्या मराठी पुस्तकांचा आहे. तुमच्या हातातली प्रत तिथल्या नोंदीशी जुळते का बघा. शक्य असेल तर दुसरी एखादी आवृत्तीही मिळवा आणि पहिलं, मधलं, शेवटचं अशी दोन-दोन पानं शेजारी ठेवून वाचा. एवढ्यावरून कळतं की नुसतं शुद्धलेखन बदललंय की मजकूरच बदललाय.

थांबा: मुखपृष्ठ एका आवृत्तीचं आणि आतली पानं दुसऱ्या, अशाही फायली फिरत असतात. पानांचे आकडे सलग आहेत का ते एकदा शेवटपर्यंत स्क्रोल करून बघा. गहाळ पान नंतर, सगळं टाइप झाल्यावर सापडलं की फार त्रास होतो.

पायरी ३: कॉपीराइट, तो पण नीट मोजून

भारतात लेखक हयात असताना प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावर लेखकाचं आयुष्य अधिक ६० वर्षं हक्क असतो आणि ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणजे १९५७ ते २०१६ ही ६० वर्षं, आणि २०१७ पासून मोकळं. पु. लं.चं निधन २००० सालचं, तिथे २०६१ पर्यंत विषयच नाही. पुस्तक जुनं आहे, बाजारात मिळत नाही, प्रकाशक बंद पडलाय, यातल्या कशानेही हक्क संपत नाही.

नेहमी चुकणारे मुद्दे:

लेखक मोकळा पण संपादक नाही. केशवसुत १९०५ साली गेले, कविता मोकळ्या आहेत, पण गेल्या तीसेक वर्षांत निघालेल्या संपादित आवृत्तीतली प्रस्तावना, टीपा, शब्दार्थ हे त्या संपादकाचं. ती पानं तुमच्या फायलीत नकोत.

मरणोत्तर छापलेलं साहित्य असेल तर ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, मृत्यूपासून नाही. जुन्या वह्यांतून, पत्रांतून काढलेल्या पुस्तकांना हे लागू पडतं.

टोपणनाव दिसलं की लोक 'अज्ञात लेखक' धरून प्रकाशनापासून मोजतात. टोपणनावामागचा माणूस जाहीर असेल तर त्याच्या आयुष्यावरून मोजायचं. 'केशवकुमार' म्हणजे आचार्य अत्रे हे सगळ्यांना ठाऊक आहे, अत्रे १९६९ला गेले, त्यामुळे २०३० उजाडावं लागेल.

अनुवादात दोन हक्क असतात, मूळ लेखकाचा वेगळा आणि अनुवादकाचा वेगळा. दोन्ही मोजा.

पायरी ४: स्कॅन

स्वतः स्कॅन करत असाल तर ३०० डीपीआय किमान, बारीक टंक किंवा तळटीपा असतील तर ४००. मोबाइलने काढायचे असतील तर मोबाइल स्टँडवर ठेवा, खिडकीचा उजेड एका बाजूने घ्या, फ्लॅश बंद. स्कॅनर ॲपमधलं 'ब्लॅक अँड व्हाइट' फिल्टर बंद ठेवा, त्याने अनुस्वाराची टिंबं उडतात आणि कागदावरच्या डागांचे नवीन अनुस्वार तयार होतात. करडा किंवा रंगीत फोटो घ्या, काळं-पांढरं नंतर कॉपीवर करता येतं.

फायलींची नावं ००१, ००२ अशी शून्य लावून द्या, नाहीतर १ नंतर १० येतं आणि पानं उलटीपालटी होतात. फायलीचा क्रमांक आणि छापील पानाचा क्रमांक एक नसतो (प्रस्तावनेची पानं वेगळी मोजलेली असतात), म्हणून दोन्हींची जोडी एका तक्त्यात लिहून ठेवा.

मूळ स्कॅनच्या फोल्डरला यानंतर कुणी हात लावायचा नाही. तिरपं पान सरळ करणं, कडा कापणं हे सगळं कॉपीवर. त्यासाठी स्कॅन टेलर हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं.

पायरी ५: आता ओसीआर, पण आधी पाच पानांवर

अख्ख्या पुस्तकावर सोडू नका. पाच पानं निवडा: एक स्वच्छ, एक डागाळलेलं, एक पद्य असलेलं, एक तळटीपवालं, एक प्रकरणाचं पहिलं पान. टेसरॅक्ट (ओसीआरचं फुकटचं सॉफ्टवेअर) आणि गूगल ड्राइव्हचा ओसीआर, दोन्ही चालवून बघा. टेसरॅक्टमध्ये भाषा मराठी निवडा, हिंदी नको, मध्ये संस्कृत श्लोक बरेच असतील तर मराठीसोबत संस्कृतही द्या.

मग चुका मोजा. ओळीत एखादी चूक असेल तर उत्तम. ओळीत तीन-चार निघत असतील तर माझ्या मते सरळ टाइप केलेलं बरं, चुका शोधत बसण्यात जास्त वेळ जातो.

दोन सावधगिरीच्या सूचना, दोन्ही फार महत्त्वाच्या.

एक, मोठ्याने वाचून व्हॉइस टायपिंग केलं तर सगळं आजच्या शुद्धलेखनात उतरतं. 'नाहीं', 'कोठें' वाचलं तरी जुने अनुस्वार उच्चारात नसल्याने ते येणारच नाहीत.

दोन, ओसीआरचं टेक्स्ट एआयला देऊन 'नीट करून दे' म्हणणं. ते करून देतं, वाचायला छान लागतं, आणि तिथेच गोची आहे. 'नाहीं'चं 'नाही' होतं, जुनी क्रियापदं आधुनिक होतात, पुसट ओळीच्या जागी शोभेलसं वाक्य येऊन बसतं. ओसीआरची चूक दिसते तरी, ही दिसत नाही. वापरायचंच असेल तर 'संशय वाटेल अशा शब्दांची यादी दे' एवढंच सांगा आणि बदल स्वतः स्कॅन बघून करा.

पायरी ६: मुद्रितशोधन

हा कामाचा खरा भाग. एका पानाला पंधरा-वीस मिनिटं धरा, म्हणजे दोनशे पानांचं पुस्तक पन्नास ते सदुसष्ट तासांचं काम झालं. हे वेळापत्रकात आधीच लिहा, 'शेवटच्या आठवड्यात प्रूफ बघू' हे होत नाही.

एकटे असाल किंवा ग्रुप असेल, मराठी विकिस्रोतावर (विकिपीडियासारखं, पण जुनी पुस्तकं टाइप करून ठेवायचं संकेतस्थळ) काम करणं मला सगळ्यात सोयीचं वाटतं. एका बाजूला स्कॅन, एका बाजूला टेक्स्ट, आणि प्रत्येक पानाला रंग: लाल म्हणजे तपासायचं बाकी, पिवळं म्हणजे एकदा वाचून झालं, हिरवं म्हणजे दुसऱ्या माणसाने पुन्हा पडताळलं. ज्याने पिवळं केलं त्यालाच हिरवं करता येत नाही आणि हे बंधन चांगलं आहे, कारण स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. तिथे न करता स्वतःच्या फोल्डरमध्ये केलंत तरी ही दोन माणसांची पद्धत ठेवा.

वाचताना नजर कुठे ठेवायची: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य, प आणि ष. 'ख'चं 'रव' होतं. विसर्गाच्या जागी कोलन येतो, 'दुःख'चं 'दु:ख', डोळ्याला सारखंच दिसतं पण शोधात सापडत नाही. पूर्णविरामाच्या दंडाचा काना होतो. 'सिद्ध'चं 'सिध्द' होतं (हे तर माणसंही रोज टाइप करतात). आणि सगळ्यात छुपी चूक म्हणजे अर्थ लागणारी: 'दऱ्या'चं 'दर्या', 'आचाऱ्यांना'चं 'आचार्यांना'. स्पेलचेकर यावर गप्प बसतो कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

विसाव्या शतकाच्या मधल्या काही पुस्तकांत सावरकरांच्या लिपिसुधारणेप्रमाणे इ, उ, ए च्या जागी अि, अु, अे छापलेलं असतं. ते ओसीआरची चूक समजून दुरुस्त करू नका, छापील तसंच ठेवा आणि टीप लिहा.

आणखी एक, नियम आधी ठरवा आणि लिहून सगळ्यांना द्या: ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द जोडायचा का (हो), पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव ठेवायचं का (नाही), उघड छपाईची चूक सुधारायची का (नाही, खूण करायची). ग्रुपमध्ये हा कागद नसला की प्रत्येकाचं पान वेगळ्या धर्माचं होतं.

तपासणी: कुठलीही दहा पानं तिसऱ्या माणसाला द्या. पानामागे एकापेक्षा जास्त चूक निघाली तर पुढे जाऊ नका, परत एक फेरी.

पायरी ७: युनिकोडची सफाई

युनिकोड म्हणजे कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला दिलेला ठरावीक क्रमांक. ही सफाई टाळली तर आधीची मेहनत अर्धी वाया. देवनागरीत एकच दिसणारा शब्द दोन-तीन पद्धतींनी साठवला जातो, कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द वाटतात.

ऱ्य आणि ऱ्ह: 'दुसऱ्या' मधला अर्धा र कुणी टिंबवाला ऱ आणि हलन्त असा टाइप करतं, कुणी साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (झीरो विड्थ जॉइनर हे चिन्ह) अशा तीन तुकड्यांत. स्क्रीनवर डिट्टो. यात आणखी एक भानगड आहे, तो न दिसणारा जोडक बरीच टूल्स अक्षर मानत नाहीत, मग 'दुसऱ्या'चा त्या जागी तुकडा पडतो. म्हणून सगळीकडे टिंबवाला ऱ करून घ्या.

ॲ: एक अखंड अक्षर, आणि एक अ वर चंद्र चढवून केलेला. शिवाय हिंदी कीबोर्डवरचा 'ऍ' तिसराच. एक ठरवा, बाकीचे बदला.

बँक: चंद्रबिंदूने, की चंद्र आणि अनुस्वार असे दोन मिळून. तेच.

मात्रा आणि अनुस्वार उलट क्रमाने टाइप झालेले: 'नाहीं'मध्ये आधी अनुस्वार आणि मग वेलांटी. काही फाँट हे झाकून टाकतात, म्हणून दोन वेगळ्या फाँटमध्ये उघडून बघा, कुठेतरी टिंबाटिंबाचं वर्तुळ दिसेल.

प्रोग्रॅमिंग येणारे म्हणतील की एनएफसी नॉर्मलायझेशन (अक्षरांची वेगवेगळी साठवण एकसारखी करायची युनिकोडची ठरलेली पद्धत) चालवलं की झालं. नाही झालं. एनएफसीने र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) मिळून ऱ होतो, पण न दिसणाऱ्या जोडकवाला र बदलत नाही आणि अ वरचा चंद्र ॲ मध्ये विरघळत नाही. एनएफसी आधी चालवा, मग वरच्या बदलांची स्वतःची यादी चालवा.

कोलनचा विसर्ग करताना सगळे कोलन एकदम बदलू नका. दोन अक्षरांच्या मध्ये अडकलेला कोलन बिनधास्त बदला, शब्दाच्या शेवटचे एकेक बघा, कारण 'स्वत:'मध्ये विसर्ग हवा आणि 'म्हणाली:' मध्ये कोलनच.

फाइल यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत) साध्या टेक्स्टमध्ये सेव्ह करा. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये आधी टाइप झालेलं काही जोडायचं असेल तर कन्व्हर्टरनंतर ते पुन्हा पायरी ६ मधून जाऊ द्या, जोडाक्षरं आणि रफार हमखास सरकतात.

तपासणी: फायलीतल्या प्रत्येक वेगळ्या चिन्हाची यादी आणि संख्या काढा. एखादंच इंग्रजी अक्षर, दोन-तीन कोलन, अनोळखी चिन्ह, सगळं या यादीच्या तळाशी सापडतं. दहा मिनिटांचं काम आहे, कृपा करून करा.

पायरी ८: मूळ पाठ आणि शोधायचा पाठ वेगळे ठेवा

'लक्षात' शोधलं तर 'लक्षांत' सापडत नाही, मग लोक सगळे जुने अनुस्वार उडवतात आणि त्याच फायलीवर सेव्ह करतात. हे कधीही करू नका. जुन्या लिखाणात 'घरांत' म्हणजे एका घरात असू शकतं, आजच्या नियमाने ते अनेक घरांत होतं. अनुस्वार सरसकट काढले तर खरे अनेकवचनी शब्दही एकवचनी होतात, ठेवले तर शोध चुकतो. त्यामुळे दोन फायली: एक छापील पुस्तकाशी तंतोतंत, दुसरी आजच्या लेखनात आणलेली. पानांचे आणि परिच्छेदांचे क्रमांक दोन्हीत सारखे ठेवा म्हणजे दुसऱ्या फायलीत सापडलं की पहिल्या फायलीतून उद्धृत करता येतं. पेपरमध्ये अवतरण कायम पहिल्या फायलीतूनच द्या.

पायरी ९: खुणा

खुणा म्हणजे मजकुरात कुठला भाग काय आहे ते सांगणारी लेबलं. साहित्यासाठी टीईआय ही खुणांची पद्धत जगभर वापरतात, पण तिच्यात शेकडो खुणा आहेत आणि नवखी माणसं सगळ्या लावायला बसतात. गरज पाच-सहांची असते: प्रकरण, परिच्छेद, पान बदललं ती जागा, पद्याची ओळ, संवाद, छपाईची चूक. पायरी १ चा प्रश्न संवादाचा असेल तर संवादाच्या खुणेत बोलणाऱ्याचं नाव टाका. जुन्या छपाईत अवतरणचिन्हं बेभरवशाची असतात, त्यामुळे हे हातानेच करावं लागतं. आधी एक प्रकरण दोघांनी स्वतंत्रपणे करा आणि पडताळा, मतभेद कुठे होतात ते तिथेच कळेल (मनातल्या मनात बोललेलं वाक्य संवाद धरायचं की निवेदन, यावर भांडण होणारच, आधीच करून घ्या).

पायरी १०: शोध आणि मोजणी

अँटकाँक (शब्द मोजायचं आणि शोधायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर टोकनच्या (शब्द कुठे तोडायचा त्याच्या) सेटिंगमध्ये अक्षरांबरोबर 'मार्क' हा गटही निवडा. युनिकोडच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरं नाहीत, मार्क आहेत, तो गट नसला की शब्द प्रत्येक वेलांटीवर फुटतो, सुरुवातीला म्हटलेले 'क' आणि 'त' इथूनच येतात. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांसाठी: पायथनच्या नेहमीच्या रेगेक्समध्ये (शब्दांचे नमुने शोधायच्या सोयीत) शब्दासाठी जी खूण वापरतात तीही मात्रांवर अशीच तोडते, त्याऐवजी रेगेक्स नावाचं वेगळं पॅकेज घ्या किंवा सरळ रिकाम्या जागांवर तोडून विरामचिन्हं काढा. वॉयंटमध्ये (ब्राउझरमध्ये चालणारं तसंच टूल) 'आहे', 'आणि', 'तो', 'होतें' अशा वगळायच्या शब्दांची यादी स्वतः बनवून द्या, जुन्या लेखनातली रूपंही त्यात हवीत.

मोजताना सामान्यरूप विसरू नका. 'घर' मोजलं म्हणजे 'घरात', 'घराच्या', 'घरांतून' मोजलं गेलं नाही. उलट 'मन' ने सुरू होणारं सगळं घेतलं तर 'मनुष्य' पण आत येतो. प्रत्येक शब्दासाठी रूपांची यादी हाताने करा आणि प्रत्येक निकाल वाक्यात उघडून वाचा, नुसता आकडा उचलू नका. दोन पुस्तकांची तुलना असेल तर दर दहा हजार शब्दांमागे किती ते सांगा, जाड पुस्तकात सगळंच जास्त येणार.

थांबा: निकाल एक्सेलमध्ये उघडल्यावर चित्रविचित्र अक्षरं दिसली तर घाबरू नका, फाइल बिघडलेली नाही. डबल क्लिकने न उघडता डेटा इम्पोर्टमधून यूटीएफ-८ निवडून उघडा. तशी विचित्र अक्षरं दिसत असताना सेव्ह मात्र दाबू नका.

पायरी ११: ठेवायचं कुठे

चार गोष्टी एकत्र ठेवा: स्कॅन, मूळ पाठ, शोधायचा पाठ, आणि एक साधी वाचा-मला फाइल. त्या फायलीत आवृत्तीचा तपशील, नियमांचा कागद, युनिकोडच्या बदलांची यादी, कोणी काय केलं आणि चूक सापडली तर कुठे कळवायचं एवढं हवं. पाठावरचा हक्क संपलेला असेल तर त्यावर स्वतःचा कॉपीराइट लावू नका, तुमच्या टीपांवर हवं तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावा. झेनोडोवर (संशोधनाच्या फायली ठेवायचं संकेतस्थळ) टाकलं तर कायमचा डीओआय (फायलीचा न बदलणारा ओळखक्रमांक) मिळतो आणि दुरुस्त आवृत्ती चढवली की तिला वेगळा क्रमांक मिळतो, त्यामुळे पेपरमध्ये कुठली फाइल वापरली ते नेमकं सांगता येतं. फक्त कॉलेजच्या वेबसाइटवर किंवा कुणाच्या तरी गूगल ड्राइव्हवर ठेवू नका, पासवर्ड असलेला विद्यार्थी पास होऊन गेला की लिंकही जाते.